पणजोबांचा दाखला

झरी, चालू साल, जुलै

तुम्ही 17 वर्षांची मुलगी आहात. घर कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, तालुका झरी जामणी, जिल्हा यवतमाळ. बारावी सायन्स झाली, सीईटी झाली, पर्सेंटाइल चांगले आलेत. फार्मसीला जायचं तुमच्या मनात पक्कं आहे. घरात कॉलेजची पायरी आजवर कुणी चढलेलं नाही. माय शाळेत गेलीच नाही, बाबा आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकले.

ऑनलाइन सेंटरच्या बाकड्यावर तुम्ही सकाळपासून बसला आहात. बाहेर पाऊस आहे, लाइट दोनदा जाऊन आलीय. नंबर लागतो तेव्हा दुपार झालेली असते. सेंटरवाला दादा लॉगिन करतो, ओटीपी बाबांच्या मोबाइलवर जातो आणि येतच नाही, कारण रिचार्ज संपून बरेच दिवस झालेत. दादा आपल्या पैशानं रिचार्ज मारतो. ओटीपी येतो, पान उघडतं. अर्जाच्या स्थितीपुढे एकच शब्द आहे: अपूर्ण.

"फारम वापस आला," दादा म्हणतो. "तीन त्रुट्या काढल्या त्यायनं."

पहिली त्रुटी उत्पन्नाच्या दाखल्याची. जोडलेला दाखला मागच्या वर्षाचा आहे, तहसीलमधून नवा काढावा लागेल. दुसरी आडनावाची. आधारवर 'आत्राम' आहे, टीसीवर 'अत्राम'. तिसरी जात वैधता प्रमाणपत्राची. ते नसेल तर निदान त्यासाठी अर्ज केल्याची पावती तरी हवी, आणि मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत द्यायला हवं. नाही दिलं तर राखीव जागेवरचा हक्क जातो.

"जातीचा दाखला तर देल्ला ना आपण," बाबा म्हणतात.

"तो वेगळा, काका. हे व्हॅलिडिटी. त्याले जुना पुरावा लागते. 1950 च्या आधीचा."

बाबा डवरणी सोडून आलेत. ते पडद्याकडे पाहतात, मग तुमच्याकडे. अभ्यासातलं काही अडलं असतं तर तुम्ही मॅडमना विचारलं असतं. हे कुणाला विचारायचं ते तुम्हाला ठाऊक नाही, बाबांनाही नाही.

रात्री पोडावर सगळे झोपलेत. तुम्ही तारखा मोजता. दुरुस्तीची शेवटची तारीख, तात्पुरती गुणवत्ता यादी, तक्रारीची मुदत, पहिली फेरी. वसतिगृहाचा अर्ज वेगळा, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचा वेगळा, आणि दोन्हीकडे हेच कागद. 'आपलंच काहीतरी चुकलं, आपणच आधी विचारायला पाहिजे होतं,' असं तुमच्या मनात येतं. वर्गातल्या ज्या मुलीचे वडील शिक्षक आहेत तिच्या घरी प्लॅस्टिकची एक फाइल आहे. आजोबांच्या चौथीच्या दाखल्यापासून सगळं त्यात ओळीनं लावलेलं. तिचा फॉर्म एका बैठकीत भरून झाला. तुमच्या घरी कागद म्हणाल तर रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा आणि बाबांची मळकट टीसी. हे सगळं एका पिशवीत, आढ्याला टांगलेलं.

1950 च्या आधीचा तो कागद शोधायला मागे जावं लागेल. आधी बाबांच्या लहानपणात.

आश्रमशाळा, जून 1992

आता तुम्ही तुमचे बाबा आहात, वय सहा. अंगात नवा सदरा, पायात काही नाही. आजा, म्हणजे आता तुमचा बाप, तुम्हाला शाळेत घालायला घेऊन आलाय. टेबलावर एक लांबट, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर उघडं आहे. इकडे त्याला दाखल-खारीज म्हणतात. पान आडवं, रकाने तांबड्या रेघांनी आखलेले: अनुक्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, धर्म व जात, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, जन्मगाव, याआधीची शाळा, दाखल तारीख, शेरा.

गुरुजी आज्याला विचारतात, पोरगा कधी झाला? आजा सांगतो, मोठा पूर आला त्या साली, कापूस वेचणी सुरू होती तेव्हा. गुरुजी क्षणभर थांबतात आणि 1 जुलै लिहितात. त्या पानावर वरखाली आणखी कितीतरी मुलांची जन्मतारीख 1 जुलैच आहे. आडनाव ऐकू आलं तसं लिहितात, 'अत्राम'. मग जातीचा रकाना येतो. आजा गुरुजींशी मराठीत बोलतोय, तुमच्याशी कोलामीत. गुरुजींच्या हातात तीस मुलांचे प्रवेश आहेत आणि बाहेर रांग आहे. ते 'आदिवासी' लिहून पुढच्या रकान्याकडे वळतात.

त्या एका शब्दानं पुढे केवढं अडतं ते नीट पाहून घ्या. राज्यघटनेखालच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'आदिवासी' नावाची जमातच नाही. यादीत कोलाम आहे, गोंड आहे, परधान आहे, आंध आहे. पडताळणी समितीसमोर हे पान ठेवलं की पहिला प्रश्न येणार, आदिवासी म्हणजे कोण? गुरुजींच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, आणि आज्याला लिहिलेलं वाचता येत नव्हतं. शेऱ्याच्या रकान्याशेजारी आज्यानं अंगठा उठवला आणि तुम्ही दोघं बाहेर आलात.

दिल्ली, 2 सप्टेंबर 1994

तुम्ही अजून बाबाच आहात. तिसरीत आहात, पाढे म्हणताय. आज दिल्लीत सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिलाय आणि तुमच्या पुढच्या पिढीच्या फॉर्मवरची ती तिसरी त्रुटी तिथून निघालीय.

माधुरी पाटील खटला म्हणून तो ओळखला जातो. मुळात तोही कॉलेज प्रवेशाचाच वाद. महादेव कोळी असल्याचा दाखला दाखवून राखीव जागा मागितली होती आणि तो दावा टिकला नाही. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा जातात, म्हणून प्रत्येक दावा समितीनं तपासावा, दक्षता पथकानं गावात जाऊन चौकशी करावी, अशी कार्यपद्धती न्यायालयानं घालून दिली. महाराष्ट्रानं त्यावर कायदाच केला. 2000 सालचा तो कायदा ऑक्टोबर 2001 पासून लागू झाला. त्याआधी नोव्हेंबर 2000 मध्ये विदर्भातल्या हलबा-कोष्टी वादावर मिलिंद खटल्याचा निकाल आला होता. तिथेही सुरुवात वैद्यकीय प्रवेशातूनच झाली होती.

ही चाळणी तुमच्यासाठीच लावलेली आहे, हे आधी मान्य करू. नसती तर यवतमाळच्या पोडावरच्या मुलीची जागा तिच्याआधी भलत्यानंच नेली असती. 1976 च्या दुरुस्ती कायद्यानं जमातींच्या यादीवरची क्षेत्राची अट काढली. 27 जुलै 1977 पासून ते अमलात आलं, आणि नावात साम्य असलेल्यांचे दावे त्यानंतर वाढत गेले. तपासणी व्हायलाच हवी. प्रश्न इतकाच की तपासणीचा भार कुणी वाहायचा. ज्या घरात कागद पिढ्यान्पिढ्या येत गेला त्या घराला हा भार जाणवतही नाही. ज्या घरात शाळाच आली नाही त्या घरातल्या 17 वर्षांच्या मुलीवर मात्र तो सगळा येऊन पडतो.

आता आणखी मागे जाऊ.

पोड, बुधवार, 6 सप्टेंबर 1950

तुम्ही पणजोबा आहात, विशीतले. पोळा जवळ आलाय. ज्वारी कमरेला लागलीय. कालच जंगलातून बांबू आणलाय आणि चावडीपुढे बसून तुम्ही टोपलं विणताय. आधी कामट्या काढायच्या, त्या तासायच्या, मग तळाचा चौक बसवायचा. बोटांना सगळं पाठ आहे. शेजारी पोडाचा नाईक बसलाय. बोलणं कोलामीत चाललंय. मूळ गाव इथून लांब, शाळा त्याहून लांब. तुम्ही शाळा पाहिलीय ती बाजाराला जाताना, बाहेरूनच.

आज झरी जामणी नावाचा तालुकाच नाही. ही गावं वणी आणि केळापूर तालुक्यांत आहेत, यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेश राज्यात आहे आणि राजधानी नागपूर. दिल्लीत राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी घटनेच्या 342 व्या कलमाखाली अनुसूचित जमातींचा आदेश काढलाय. त्यात मध्य प्रदेशाखाली तुमच्या जमातीचं नाव आहे आणि तुमच्या भागाचंही: यवतमाळ जिल्ह्यातले केळापूर, वणी आणि यवतमाळ हे तालुके. तुमच्या पणतीचा हक्क आज कागदावर उतरला. पोडावर कुणाला त्याचा पत्ता नाही. हातातलं टोपलं संध्याकाळपर्यंत पुरं करायचं आहे, कारण उद्या बाजार आहे.

या तारखेला तुम्ही महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत राहत होता, याला पुढे फार मोल येणार आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी घराण्याचं वास्तव्य 6 सप्टेंबर 1950 रोजी कुठे होतं ते पाहिलं जातं. समजा, तुम्ही याच साली दिवाळीनंतर पैनगंगा उतरून आदिलाबादकडून इकडे आला असता. तिकडे मामाचं घर, इकडे सासर, नदी पावसाळा सोडला तर पायी ओलांडता येते, आणि कोलामांची सोयरीक दोन्ही काठांवर आहे. पण तिकडचा काठ हैदराबाद राज्याचा. दोन महिने उशिरा नदी ओलांडली, एवढ्यावरून तुमच्या पणतीला 'स्थलांतरित' म्हटलं जाऊ शकतं.

तुमचं नाव आज कुठे लिहिलेलं सापडेल? शाळेत नाही. जमीन नावावर नाही, म्हणजे महसुलाच्या कागदातही नाही. राहता राहिलं कोतवाल बुक. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवाल वर्दी देतो आणि ती वहीत चढते. तारीख, बापाचं नाव, जात, आणि पुढे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचं नाव तेव्हा ठेवलेलंच नसतं, त्यामुळे ते येत नाही. पोड मूळ गावापासून लांब असल्यानं कोतवाल दर खेपेला येतोच असं नाही. मागच्या पावसाळ्यात तुमची धाकटी बहीण गेली, त्याची वर्दी लागली. तिच्या मृत्यूच्या नोंदीत बापाचं नाव आहे आणि पुढे 'कोलाम' लिहिलंय. तुमच्या घराण्याचा 1950 पूर्वीचा पुरावा म्हणाल तर ही एक ओळ.

नदीपलीकडे, मार्लवाई, 1943

अजून सात वर्षं मागे चला. तुम्ही पणजोबाच आहात, वय तेरा. समजा, मामाकडे गेला आहात, आदिलाबादच्या डोंगरांत.

तीन वर्षांपूर्वी, 1940 मध्ये, जोडेघाटला कोमराम भीम पोलिसांच्या गोळीनं पडले. जंगल आणि जमिनीसाठी गोंड उठले होते, कोलामही त्यांच्याबरोबर होते. हे का घडलं ते समजून घ्यायला निजाम सरकारनं हाइमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. त्यांच्या सांगण्यावरून 1943 मध्ये मार्लवाई नावाच्या छोट्या गावात एक शिक्षण केंद्र निघालं. थोडंफार लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण निवडून त्यांनाच शिक्षक करायचं, असं ठरलं. पहिली पुस्तकं गोंडीत निघाली आणि ती छापली देवनागरीत, कारण या पट्ट्यात मराठीची सवय होती.

झोपडीच्या दाराशी उभं राहून ऐका. मुलं ज्या भाषेत घरी भांडतात त्याच भाषेत मोठ्यानं वाचताहेत. शिकवणारा त्यांच्यातलाच आहे. कुणी नाव सांगितलं की त्याला ते दोनदा विचारावं लागत नाही, आणि जमात कुठली हे तर त्याला सांगावंच लागत नाही.

या कामात पुढे सेतुमाधवराव पगडी आले. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतात. हैदराबाद राज्याच्या सेवेत असताना ते आदिलाबादच्या गोंड-कोलामांत राहिले, त्यांच्या भाषा शिकले. कोलामी भाषेचं त्यांचं व्याकरण 1950 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या साली दिल्लीच्या यादीत कोलामांचं नाव आलं, त्याच साली एका मराठी माणसानं त्यांच्या भाषेचं व्याकरण छापलं.

तुमच्या पोडावर मात्र अशी शाळा कुणी काढली नाही. काढली असती तर तिच्या रजिस्टरात तुमचं नाव असतं, जातीच्या रकान्यात 'कोलाम' असतं, दाखल तारीख 1943 किंवा 1944 असती, आणि तुमच्या पणतीचा फॉर्म ऑनलाइन सेंटरमध्ये अर्ध्या तासात भरून झाला असता. त्या वेळी न निघालेल्या शाळेची किंमत चौथ्या पिढीतली एक मुलगी आज रात्री जागून भरतेय.

परतीची वाट

आता भरभर पुढे या. 1 नोव्हेंबर 1956: विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. 1 मे 1960: महाराष्ट्र झाला. नंतर झरी जामणी वेगळा तालुका झाला. नदीपलीकडचं आदिलाबाद आधी आंध्रात गेलं, 2014 मध्ये तेलंगणात. पोड होतं तिथेच राहिलं. त्याच्यावरून तीन राज्यं आणि दोन तालुके गेले, आणि दर खेपेला दफ्तरं हलली. म्हणून बाबांना आज झरीच्या तहसीलमधून वणीला जायला सांगतात, वणीतून केळापूरला, तिथून यवतमाळला. काही जुनी पानं मोडीत आहेत, ती वाचणारा शोधावा लागतो. काही पानांच्या कडा वाळवीनं खाल्ल्या आहेत. पांढरकवड्याचं प्रकल्प कार्यालय, उपविभागीय अधिकारी, शाळा, पडताळणी समिती, प्रत्येकाचं दार वेगळ्या गावात. एका खेपेला एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते, आणि हे सगळं ऐन निंदण-डवरणीच्या दिवसांत.

तुम्ही पुन्हा 17 वर्षांची मुलगी आहात. सेंटरवाला दादा भल्यासाठीच म्हणतो, "बी.ए. ले टाक न. तिथं व्हॅलिडिटी नाही लागत." खरं आहे. पारंपरिक पदवीला प्रवेश घेताना सहसा हा कागद मागत नाहीत, व्यावसायिक अभ्यासक्रमांना मागतात. म्हणून झरी, मारेगाव, केळापूर भागातली कितीतरी मुलं, ज्यांना नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंगला जायचं होतं, ती बी.ए.ला दिसतात. बी.ए.त कमीपणा काही नाही. पण तो त्यांनी निवडलेला नव्हता, कागदानं त्यांच्या वाट्याला आणला. पुढे कुणी आकडे मांडून म्हणतं की आदिवासी मुलांचा कल विज्ञानाकडे नाही. त्यांचा कल काय होता ते त्यांना कुणी विचारलंच नाही.

दुसरीही एक बाजू आहे आणि ती धीर देणारी आहे. घरात एकदा एकाची वैधता झाली की वडिलांच्या बाजूच्या रक्तातल्या पुढच्या माणसांची वाट मोकळी होते. 24 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या खटल्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, चालीरीती आणि बोलीवरून जमात ओळखायची जी 'आप्तभाव' चाचणी आहे, ती एकटी अंतिम कसोटी नाही. दोन, घटनेच्या आधीचे कागद सर्वांत वजनदार, आणि वडिलांकडच्या नात्यात रीतसर चौकशी होऊन वैधता मिळालेली असेल तर पुन्हा दक्षता पथकाची चौकशी लागत नाही. म्हणजे कोतवाल बुकातली ती एक ओळ तुम्ही शोधून काढली, की तुमचा धाकटा भाऊ, त्याची मुलं, चुलत बहिणी, कुणालाच ही रात्र काढावी लागणार नाही. पहिली शिकणारी मुलगी आपल्या प्रवेशासाठी धडपडते तेव्हा ती सगळ्या घराण्याचा पुरावा उभा करत असते.

आता तुम्ही पुन्हा वाचक आहात

या मुलीचं नाव मी सांगितलं नाही, कारण ती एक नाही. पोडापोडावर ती आहे, तिच्या घरच्या पिशवीतले कागद थोडे वेगळे असतील एवढंच. आश्रमशाळेच्या रजिस्टरातला 'आदिवासी' हा शब्द, 1 जुलैची जन्मतारीख, आधार आणि टीसीत न जुळणारं आडनाव, हे या भागात शिकवलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

तिची अडचण सोडवणं अवघड नाही, फक्त ती जुलैत सोडवता येत नाही. पडताळणीला महिने लागतात आणि प्रवेशाच्या फेऱ्या दिवसांवर चालतात. हे काम अकरावीच्या दिवाळीपर्यंत उरकायला हवं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगडानं दाखवलंय की समितीचं काम कॉलेजात आणून विद्यार्थ्यांच्या हातात तिथेच प्रमाणपत्र देता येतं. 'मंडणगड पॅटर्न' या नावानं ते राज्यभर गाजलं. 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत कोलामांसारख्या अतिअसुरक्षित जमातींच्या वस्त्यांवर शिबिरं घेऊन आधार आणि जातीचे दाखले देण्याचं काम ठरलं. त्या शिबिरांची गाडी आणखी एक कागद, वैधतेचा, घेऊन का जाऊ नये? कोतवाल बुकं शासनाच्याच ताब्यात आहेत. शाळेची दाखल-खारीज रजिस्टरंही शासनाच्याच शाळांची. आपल्याच कपाटात असलेला पुरावा शासनानं आपल्याच विद्यार्थिनीकडे मागायचा आणि तो शोधायला तिच्या मजूर बापाला चार गावं हिंडवायचं, हा न्याय नाही. जुनी कोतवाल बुकं एकदा स्कॅन करून, मोडीतली पानं वाचून घेऊन, गावनिहाय शोधता येतील अशी ठेवली तर पडताळणी ढिली न होता सोपी होईल. खोटा दावाही त्याच कागदांवर लवकर पकडला जाईल.

माणसांनी करायचं कामही आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे स्वतः घरातले पहिले शिकलेले. मुक्त विद्यापीठातून पदवी, पुढे 'टिस' ही समाजविज्ञान संस्था, आणि 2021 मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनचं 'सोआस' विद्यापीठ. यवतमाळ जिल्ह्यात काम करताना त्यांनी पाहिलं की मुलांत बुद्धी आहे, सांगणारं कुणी नाही. त्यातून 2017 मध्ये 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली. पहिल्या पिढीतल्या मुलांना कुठे अर्ज करायचा, कधी करायचा, त्यात काय लिहायचं, हे बसून सांगणारी माणसं तिनं जोडली. त्या बसून सांगण्यानं पोरं कुठल्या कुठे गेली.

एवढं करायला संस्थाच लागते असं नाही. तुम्ही झरी, वणी, पांढरकवडा, यवतमाळ भागात शिक्षक असाल तर अकरावीच्या वर्गात या दिवाळीआधी एक तास फक्त कागदांसाठी ठेवा. कुणाच्या टीसीवर जमातीचं नाव नेमकं आहे, आधारवरचं नाव जुळतं का, घरात वडिलांकडच्या कुणाची वैधता झालीय का, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा. आश्रमशाळेत प्रवेश देत असाल तर जातीच्या रकान्यात 'आदिवासी' लिहू नका, जमातीचं नाव विचारून लिहा आणि लिहिलेलं पालकांना वाचून दाखवा. तहसीलमध्ये अभिलेख कक्षात असाल तर कोतवाल बुकाची नक्कल मागायला आलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणण्याआधी तो किती लांबून आला ते विचारा. आणि तुमच्या घरी ती प्लॅस्टिकची फाइल असेल, आजोबांच्या दाखल्यापासून सगळं ओळीनं लावलेली, तर यंदाच्या सुट्टीत एका घरी जा, पिशवीतले कागद जमिनीवर मांडा आणि त्यांच्याही घरात तशी एक फाइल लावून द्या.